आत्याच्या चेहऱ्याला साय-लिंबू

रविवारी दुपारी आमच्या होस्टेलच्या गच्चीवर मुली न्हाऊन केस वाळवत बसतात आणि एकमेकींना आपली गुपितं सांगतात. माझी पाळी आली की मी एक किरकोळ गुपित सांगते. सातवीत असताना शेजारणीच्या पाटीवर बघून गणित सोडवलं होतं, ते. सगळ्या हसतात आणि पुढचीची पाळी येते. आता जे लिहिते आहे ते त्या गच्चीवर कधी निघालं नाही. घरी नाही, कुठेच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण लिहायला बसले तर तेही खरं दिसत नाही.

गोष्ट चेहऱ्यावरच्या फोडांची आहे. ऐकायला किती लहान वाटतं.

माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, अकोल्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. लग्न झालं तेव्हा ती पोरच होती. वर्षभरात नवरा पटकीनं गेला. माहेरी परतली, शिकली, ट्रेनिंग केलं, नोकरीला लागली. बाबा जिनिंगमध्ये कामाला; कापसाचा हंगाम सरला की घरी बसतात. तेव्हा बारा महिने येणारा पगार आमच्या घरात तिचाच. मी अमरावतीला कॉलेजात आले ती त्या पगारावर. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. किंवा सांगतही असेन — स्वतःची सबब माणसाला ओळखू येते का?

तरुणपणी आत्याचा चेहरा अगदी स्वच्छ होता म्हणतात. पस्तिशी उलटली आणि हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं फोड यायला लागले. एक बसला की दुसरा. बसलेल्याच्या जागी काळा डाग. आणि त्याच दिवसांत डोळ्यांखालची कातडी सुकत चाललेली, कपाळावर बारीक रेघा. सोळा वर्षांच्या पोरीचे मुरूम आणि प्रौढ बाईच्या सुरकुत्या एकाच चेहऱ्यावर. शेजारच्या सखूबाईंना याची फार गंमत वाटायची. नळावर आत्या दिसली की त्या म्हणायच्या, "काहो मास्तरीणबाई, तुमाले आता जवानी फुटून राह्यली का? आमची तं येऊन गेली बी!"

"माही उशिराच्या गाडीनं आली, सखूबाई," आत्या म्हणायची. "बसाले जागा नाही भेटली, म्हून तोंडावर उभी हाये."

नळावरच्या सगळ्या बाया हसायच्या, आत्याही हसायची. घरी आल्यावर मात्र ती आरशाकडे पाठ करून केस विंचरायची. मी ते पाहिलेलं आहे.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. मुलतानी माती लावली की फोड थोडे वाळत, पण गाल ताणले जात आणि हसलं की तोंडाभोवती पांढरे पापुद्रे सुटत. ते पाहून कुणी म्हणे साय चोळा. साय चोळली की कातडी मऊ होई आणि चार दिवसांत हनुवटी पुन्हा लाल. दवाखान्यात जा म्हटलं तर ती जाईना. "माह्या वयाची बाई तोंडाचे फोड दाखवाले गेली तं लोक काय म्हणतीन? म्हणतीन, विधवेले नटा-मुरडाची हौस आली." शेवटी तिनं हे काम माझ्यावर सोपवलं. मी इंटर सायन्सला होते. तिच्या लेखी सायन्समध्ये सगळंच येत होतं. "तिकडं मोठ्या दवाखान्यात पुसून ये," ती म्हणाली. "माहं नाव नोको सांगू."

मी गेले. एक अख्खी सकाळ बायकांच्या रांगेत बसून राहिले. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण तोवर माझ्या मनात काही वाईट नव्हतं. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, पण मी आत्याच्या चेहऱ्याचं वर्णन करायला लागले तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, वयात आलेल्या मुलीच्या मुरमाला जे चालतं ते चाळिशीकडे आलेल्या कातडीला चालत नाही. ती वाळवली तर तडकते आणि तेल पाजलं तर तुंबते. तेव्हा साय बंद, तेल बंद, माती बंद. लिंबू तर चेहऱ्याच्या जवळपासही नको, आणि लिंबू लावून उन्हात तर मुळीच नको, कातडी भाजून निघेल. साध्या पाण्यानं सकाळ-संध्याकाळ तोंड धुवायचं, घासायचं नाही. फोडाला नख लावायचं नाही. कोरडं वाटलं तर ओल्या हातावर ग्लिसरीनचे दोन थेंब. झोपताना कॅलामाइनचं गुलाबी औषध, तेही फक्त फोडावर. शाळेत जाता-येता तोंडावर पदर. "आणि आत्याला म्हणावं, दम धरा. दोन-तीन महिने लागतील." मी परत येताना औषधाची बाटली विकत घेतली. दिवाळीची सुट्टी लागली तशी ती पेटीत घालून अकोल्याला निघाले.

घरी पोचले तेव्हा आत्या शाळेतून यायची होती. मायनं चहा ठेवला आणि चुलीशीच मला सांगितलं: आत्याला स्थळ आलं आहे. परतवाड्याचे गृहस्थ, जंगलखात्यात कारकून, बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांची थोरली बहीण अकोल्यातच जठारपेठेत राहते. तिनंच गोष्ट काढली होती. आमच्यात विधवेचं लग्न होतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सुट्टी संपायच्या आत ते पाहायला येणार होते. आत्यानं हो म्हटलं होतं. माय म्हणाली, "चांगलं झालं बाई. किती दिवस एकटी राहीन ते?" मग चहा गाळता गाळता, अगदी सहज, "फक्त तुह्या कॉलेजचं काय होते पाहा आता. लोकाच्या घरची झाली म्हंजे तुले पैसे कशी देईन?"

माय पुढे दुसऱ्याच विषयावर बोलायला लागली. मी मात्र तिथेच राहिले.

संध्याकाळी आत्या आली. चप्पल काढायच्या आधी तिनं विचारलं, "पुसलं का?"

मी म्हणाले, "पुसलं."

"मंग? काय म्हणाल्या?"

आता सांगते. मी म्हणाले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या साय चांगली. सायीत लिंबू पिळून रोज लावायचं आणि उन्हात बसून वाळू द्यायचं. सखूबाईंनीही मागे कधी हेच सांगितलं होतं, त्यामुळे आत्याला नवल वाटलं नाही. तिला फक्त शिकलेल्या माणसाचा शब्द हवा होता. तो मी दिला. इतकं सोपं असतं का खोटं बोलणं? मला वाटलं होतं जीभ अडेल. अडली नाही.

आणि मी नुसतं सांगून थांबले नाही. सुट्टीभर रोज सकाळी मागच्या अंगणात तिला बसवून मी स्वतः ते लावत होते. आत्या डोळे मिटून, तोंड वर करून बसायची. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल, आमच्याकडे ते उन्हाळ्यापेक्षा जास्त डसतं. एक दिवस म्हणाली, "आग होऊन राह्यली पोरी." मी म्हणाले, होऊ दे, म्हणजे औषध लागू पडतंय. तिनं मान डोलावली. त्या वेळी मला काय वाटत होतं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. काही फार वाटत नव्हतं. सुट्टीनंतरच्या प्रॅक्टिकलचा विचार मनात असायचा. बोटं आपली फिरत राहायची.

गुलाबी औषधाची बाटली माझ्या पेटीत होती. पुढे होस्टेलवर माझ्या कपाळावर पुटकुळी आली तेव्हा मी ती उघडली. गुण आला.

पाहुणे यायच्या दिवशी आत्याची हनुवटी सुजली होती. गालांची साल निघून आतली लाल कातडी दिसत होती. मायनं पावडर लावून पाहिली, ती त्या ओल्या जागांवर गोळा होऊन बसली. आत्यानं आरसा मागितला — तिनं आपणहून आरसा मागितलेला मी तेवढाच एकदा पाहिला — आणि पाहून परत दिला. ते आले, परतवाड्याचे गृहस्थ आणि त्यांची बहीण. बाबांनी बसवलं, विचारपूस केली. आत्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. "मी भाईर येत नाही, वैनी." मायनं समजावलं, बाबा आत येऊन दबक्या आवाजात रागावले. शेवटी ती मला म्हणाली, "शकू, सांग त्यांले, बाईले ताप आला म्हणा."

मी बाहेर जाऊन तसं सांगितलं. बहिणीनं भावाकडे पाहिलं. तिला ते लागलं हे दिसत होतं. थोड्या वेळानं बाबा टांगा पाहायला चौकात गेले, बहीण मायजवळ आत चुलीशी गेली, आणि ओसरीवर ते एकटे राहिले. मी पाणी घेऊन गेले. साधा माणूस होता. टोपी मांडीवर ठेवून बसलेला, बोलताना टोपीकडे पाहणारा. पाण्याचा गिलास हातात घेऊन ते म्हणाले, "पोरी, तुह्या आत्याले एक सांगशीन का? मी चेहरा पाह्याले नाही आलो. मागं भाच्याले शाळेत पोचवाले गेलतो तवाच पाह्यलं मी त्यांले. पोरांले कविता शिकवून राह्यल्या होत्या. तोंडावरचे डाग बी पाह्यले. मले त्याचं काही नाही." मग थांबून म्हणाले, "ताप उतरला म्हंजे कळवा म्हणा. एवढं सांग."

इतका वेळ मी साय-लिंबाबद्दल लिहीत होते. तुम्हाला वाटलं असेल, कबुली झाली. मलाही लिहिताना थोडा वेळ तसंच वाटलं. पण चेहरा बिघडवून मी काहीच साधलं नव्हतं. तो माणूस त्या चेहऱ्यापलीकडे आधीच येऊन बसला होता. अजून सगळं नीट होऊ शकत होतं. ओसरीपासून आतल्या खोलीपर्यंत जायचं आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगायचं, एवढंच काम होतं. विचार करायला वेळ नव्हता असंही मला म्हणता येणार नाही. मी गिलास परत घेतला, माठाजवळ ठेवला, हात पुसले.

आत गेले. आत्या भिंतीकडेच पाहत होती. "काय म्हणाले?"

मी म्हणाले, "काही नाही. बसचा टाइम झाला म्हणे."

ते गेले. कळवा म्हटलेलं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा कळवलं गेलं नाही. काही दिवसांनी त्यांच्या बहिणीचा निरोप आला, बाईंच्या मनात नसेल तर राहू द्या. आत्या म्हणाली, राहू दे. दोघंही समजले की दुसऱ्याला नको आहे. उन्हाळ्यात सखूबाईंनीच बातमी आणली की परतवाड्याला लग्न लागलं, मुलगी चांदूर बाजारची.

त्यानंतर मी आत्याला खरं काय करायचं ते सांगितलं. खोटं कबूल न करता. म्हटलं, दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत, त्यांचं म्हणणं वेगळं आहे. तिनं काहीही न विचारता साय बंद केली. पाणी, दोन थेंब ग्लिसरीन, रात्री गुलाबी औषध, उन्हात पदर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. पावसाळा संपेपर्यंत हनुवटी निवळली. डाग पुसट होत गेले, सगळे गेले नाहीत. आता ती नळावर बायांना सांगते, "माह्या भाचीच्या शिक्षणानं माहं तोंड दुरुस्त झालं." सखूबाई त्यांच्या सुनेसाठी माझा सल्ला घेऊन गेल्या. मी अगदी बरोबर सांगितलं.

मी बी.एस्सी. झाले. आता एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आत्याच्या पगारावर. तिनं एकही महिना चुकवलेला नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले होते. आम्ही दोघी अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत होतो. आत्या म्हणाली, "शकू, ते परतवाड्याचे आलते ना. त्या दिवशी जाताना काही बोलले होते का ते?" विचारताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, हातातल्या शेंगेकडे पाहत होती. रागानं विचारलं नाही, संशयानंही नाही. मला वाटतं, ती हे पुष्कळ दिवस विचारणार होती.

मी म्हणाले, "नाही आत्या. काहीच नाही."

हे मी इंटरला असतानाचं नाही. या दिवाळीतलं आहे.