वरचे काका आणि माझी न झालेली अटक

लखनौच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने मला फसवलं. एका शब्दात फसवलं. तो शब्द चुकीचा आहे हे गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी ज्याने सांगितलं असतं, असा माणूस या अख्ख्या शहरात एकच होता, आणि तो माझ्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता.

आम्ही त्यांना वरचे काका म्हणायचो. मूळचे नागपूरचे. सगळं आयुष्य इंग्रजी पेपरात गुन्ह्यांच्या आणि कोर्टाच्या बातम्या तपासण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर इंदिरा नगरात माझ्याकडे राहायला आले ते दोन ट्रंका आणि लाल रिफिलींचा एक डबा घेऊन. सकाळी फाटकाशी उभे राहून पेपर घ्यायचे आणि वाचण्याआधी पेन उघडायचे. माझा चहा उकळेपर्यंत पहिल्या पानाला गोवर उठलेला असायचा. 'आरोपीला शिक्षा झाली पाहिजे' असं कोणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "आधी दोषी तर ठरू द्या. अक्यूज्ड आणि कन्व्हिक्ट यांच्यामध्ये अख्खं कोर्ट बसलेलं असतं, मालकीणबाई." मला ते मालकीणबाईच म्हणायचे, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला कधीच कळलं नाही.

माझं शिक्षण अकोल्यात दहावीपर्यंत. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी लखनौला आले, घरात बसवेना म्हणून एक जुना कूलर दुरुस्त करून विकला, आणि त्यातूनच पुढे जुन्या पंख्या-कूलरचं दुकान उभं केलं. भाव करण्यात मी आजवर कुणाला हार गेलेली नाही. पण काकांपुढे बोलताना मला प्रत्येक शब्द दोनदा तपासून घ्यावा लागे. एकदा मी ओरडले, "मांजरानं दूध चोरलं!" वरून आवाज आला, "पाहिलंत का? नाही ना? मग मांजर फक्त सस्पेक्ट आहे." दूधवाला दोन दिवस आला नाही, तेव्हा मी त्याला फरार म्हटलं. "फरार नाही, गैरहजर. फरार व्हायला आधी कोणीतरी शोधत असावं लागतं." "मी शोधतेय ना!" "तुमच्याकडे वॉरंट आहे का?"

गच्चीवर पापड वाळत घातले होते त्या दिवशीचं तर मी अजून विसरले नाही. माकडं आली. मी काठी घेऊन धावले, तर काका दारात उभे राहून शांतपणे माकडं मोजत होते. "काका, अहो डाका पडलाय!" "चारच आहेत. डकॉइटीला पाच लागतात. ही रॉबरी. त्या मोठ्याने दात दाखवले नसते, तर नुसती थेफ्ट झाली असती." भाजीवाल्या भैयाने खालून हे सगळं ऐकलं आणि टोपली उतरवत म्हणाला, "बाबूजी, पाँचवाँ हम बुला लाएँ क्या?" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला काठी टाकून पाणी आणायला धावावं लागलं. तेवढ्यात उरलेले पापडही गेले.

हे सगळं मी करमणूक म्हणून ऐकत होते. मग ती गोष्ट घडली.

बख्शी का तालाबकडच्या एका माणसाकडून मी बारा पंखे घेतले. पंखे एका शाळेतून चोरलेले निघाले. दुपारी पोलीस दुकानात आले, मला ठाण्यावर घेऊन गेले, चार प्रश्न विचारले, माझ्याकडची पावती पाहिली आणि चहाच्या वेळेला मी घरी परत आले. पुढे त्या प्रकरणात माझं नाव साक्षीदार म्हणून लागलं. बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात माझ्या नावासकट छापून आलं की पंखाचोरीत महिला व्यापारी अरेस्टेड.

काका पेपर घेऊन खाली आले. पहिल्यांदाच त्यांच्या पेनाला टोपण होतं. "मालकीणबाई, तुम्ही क्वेश्चन्ड होतात. यांनी तुम्हाला अरेस्टेड केलंय."

"म्हणजे किती फरक?"

"माणसाच्या नावाला जेवढा पडतो तेवढा."

तो किती पडतो ते मला पुढच्या आठवड्यातच कळलं. आमच्या मराठी बायकांचं हळदीकुंकू झालं आणि मला बोलावणं आलं नाही. मुलगी म्हणाली, "मम्मी, मोबाइल पर आपका नाम डालो तो सबसे पहले यही आता है." मी भडकले. तशीच काकांना घेऊन पेपरच्या ऑफिसात गेले. तिथला संपादक माझ्या मुलीच्या वयाचा, बोलायला मात्र गोड. "आंटी जी, नाराज मत होइए. कल दो लाइन छाप देंगे, कि आपको बाद में छोड़ दिया गया."

मी मनात हिशोब केला. दोन ओळी, त्याच पानावर, उद्याच. सौदा वाईट नव्हता. मी हो म्हणणार, तेवढ्यात काका खुर्चीवरून उठले. "छोड़ दिया? रिलीज्ड? जो पकड़ी ही नहीं गईं, उन्हें छोड़ा कैसे?" संपादकाला कळेना. काकांनी त्याला उभ्या उभ्या समजावलं की सुटका छापली म्हणजे अटक कायमची पक्की झाली. तो म्हणाला, यापेक्षा जास्त होणार नाही. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो.

रिक्षात मी काकांवर सगळा राग काढला. "मिळत होतं ते घ्यायचं होतं! तुमच्या व्याकरणापायी माझं नाव गेलं!" काकांनी हातातल्या पेपरची नीट घडी घातली. मग म्हणाले, "घासाघीस पंख्याची करा. यात करू नका. तुम्ही खोटं कबूल कराल आणि ते त्याला दुरुस्ती म्हणतील."

त्यानंतर दर सोमवारी ते त्या पेपरला पत्र लिहायचे. मला शेजारी बसवून, एकेक शब्द समजावून, माझी सही घेऊन. डिटेन्ड, चार्ज्ड, समन्ड, विटनेस. दुकानाच्या गडबडीतून मी जिना चढायचे, वैतागायचे आणि बसायचे. आता वाटतं, आयुष्यात कोणी मला इतक्या सावकाश काही शिकवलं असेल तर ते तेवढंच. पत्रांना उत्तर आलं नाही. काकांनी एकही सोमवार चुकवला नाही.

दोन वर्षांपूर्वी काकांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. वरचा मजला मी अजून कोणाला दिलेला नाही. चांगले भाडेकरू येऊन गेले, मीच भाव जुळू दिला नाही. सुरुवातीला काकांचा फोन यायचा, "छापलं का?" आता मीच करते. त्यांना हल्ली नावं आठवत नाहीत. मुलगा सांगतो की घरातल्यांचीही नाही. परवा मी म्हटलं, "काका, मी लखनौहून बोलतेय." त्यांनी 'लखनौ, लखनौ' असं दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "कोण? त्या क्वेश्चन्ड बाई का?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवून दुकानातल्या गिऱ्हाईकावर विनाकारण ओरडले.

तर पेपरवाल्यांना माझं विचारणं आहे, आणि ते दोन ओळींवर मिटणार नाही. मला अटक कोणी केली? कोणत्या ठाण्यात, कोणत्या कागदावर? कागद असेल तर दाखवा. नसेल तर ज्याने तो शब्द लिहिला त्याने खाली आपलं नाव घालून खरा शब्द छापावा, आणि लवकर छापावा. नागपुरात एका माणसाला तो अजून वाचता येतो.