दुश्मनाची झील

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लालासाब नालबंद टांग्याच्या घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन खूर तासत होता. केरबा शाहीर दुकानासमोर येऊन उभा राहिला. त्याचा घसा पार बसला होता, त्यामुळे ओरडायचं ते त्याला कुजबुजून सांगावं लागलं.

"आजपासनं तू माझ्या झीलला न्हाईस."

लालासाबनं खुरावरची नजर काढली नाही. "डफ कुणामुळं ऱ्हायला, शाहीर?"

"असा ऱ्हाण्यापरास गेला असता तर बरं."

मिसरूड फुटल्यापासून लालासाब केरबाच्या फडात झीलकरी आहे. शाहीर डफावर ओळ म्हणतो. मागे उभा असलेला झीलकरी ओळीचा शेवट उचलून लांबवतो, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. ओळ सुरू करणं हे झीलकऱ्याचं काम नव्हे. महाराजांच्या राज्यात पैलवानाला आणि गाणाऱ्याला मान आहे, असं कोल्हापुरात सांगतात. त्या गाणाऱ्यांत झीलकरी धरत नाहीत. लालासाबची त्याला हरकत नव्हती. पुढे उभं राहायला तो घाबरतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्याची बायको सुगरा म्हणते, "निकाहात काजीनं इचारलं, तवा ह्येनं आधी मागं वळून बघितलं."

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, कळंब्याच्या जत्रेत केरबाचा सामना गुरुसिद्धच्या फडाशी होता. गुरुसिद्ध चिकोडीकडचा कानडी, दांडग्या आवाजाचा. नियम दोघांना ठाऊक होता. सवालाला जबाब गाऊनच द्यायचा. बोललेला धरत नाहीत. जबाब आला नाही, तर आपला डफ समोरच्याच्या पायाशी ठेवून निघायचं. केरबाचा डफ त्याच्या बापाचा होता.

गुरुसिद्धनं सवाल टाकला: "बिनदाराची नगरी सांग, आत कोण नांदतो?"

जबाब केरबाला येत होता. त्यानं तोंड उघडलं आणि आत नुसती हवा वाजली. चार गावच्या जत्रा लागोपाठ गाऊन गळा संपला होता. लोक हसायला लागले. फडातल्या सगळ्या लावण्या पाठ असलेला दुसरा माणूस एकच होता. केरबानं डफ लालासाबच्या छातीवर आदळला आणि त्याला पुढे ढकललं.

तुणतुणं सुरू झालं. ओळीची जागा आली आणि गेली. लालासाब ओळ कोणीतरी म्हणायची वाट बघत होता. शेवटाची जागा आली तसा त्याचा आवाज आपोआप चढला.

"...जीव नांदतो, जी जी!"

"कुठं नांदतो?" समोरून कोणी ओरडलं. "तुझ्या सासुरवाडीला?"

"शेपूट आलं, बैल कुठं हाय?"

दुसऱ्या खेपेला तेच झालं. आता लोक त्याच्याबरोबर हात उडवून "जीव नांदतो" म्हणायला लागले. मातीची ढेकळं आली. एक डफावर बसलं. पंच म्हणाले, आणखी एक खेप, मग डफ खाली.

गुरुसिद्धनं तेवढी वाट बघितली नाही. तो मंडपाच्या मधोमध आला आणि त्यानं लालासाबच्या तोंडासमोर तोंड नेलं. "हाडु, तम्मा, हाडु! गा की, भावा, गा! सवाल इसरलासा काय, पावणं? ऐका परत." आणि चिडवायला म्हणून त्यानं पूर्ण आवाजात ओळ घेतली, "बिनदाराची नगरी सांग, आत कोण नांदतो?"

पुढे झालं ते अठ्ठावीस-तीस वर्षांच्या सवयीनं झालं. समोर ओळ संपली, लालासाबनं तिचा शेवट उचलला. "कोण नांदतो, जी जी, कोण नांदतो..." त्यानं तो लांबवला, आणि तोंड उघडंच होतं, श्वास चालूच होता. थांबायच्या आत पुढची ओळ बाहेर पडली होती.

"आईच्या पोटी नऊ महिने जीव नांदतो!"

त्यानं जबाबाची सगळी लावणी म्हटली. आवाज चांगला नव्हता. खालचा सूर दोनदा सुटला. शेवटाला त्याच्यामागे कोणी झील धरली नाही, तीही त्यानंच म्हटली. लोकांनी टाळी दिली नाही. दोन्ही फडांत हाणामारी झाली. गुरुसिद्धची माणसं म्हणत होती, आमच्या ओळीवर चढून आलेला जबाब चालत नाही. पंचांनी निकाल दिला: जबाब गायलाय, डफ ज्याचा त्याच्याकडे.

केरबाचं म्हणणं वेगळं आहे. समोरच्याच्या ओळीला झील धरणं म्हणजे त्याला आपला शाहीर मानणं. "माझं मीठ खाल्लंस आणि झील त्या गुरुसिद्धला दिलीस," तो दुकानासमोर कुजबुजला. "भर जत्रंत."

लालासाबनं घोडीचा पाय खाली सोडला. "व्हय, दिली. आता कुणालाच देणार न्हाय. ठेवायचं तर फुडं ठेवा."

"तू? फुडं? ढेकळं पुरायची न्हाईत लोकास्नी."

"काल मारली की. सोसली."

केरबा आला तसा परत गेला. वैद्यानं त्याला पौर्णिमेपर्यंत गायला मनाई केली आहे. फडाची तालीम उद्या, मंगळवारी संध्याकाळी सातला आहे. झीलला ज्ञानू कुंभाराला सांगितलं आहे. पुढे उभं राहायला अजून कोणालाच सांगितलेलं नाही.