मोसंबीची शेवटची बाटली

माझा शेजारी चहा निववून पितो. उष्णतेवर त्याचा विश्वास नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात तो रसाच्या बंद बाटल्यांवर पाण्याचा प्रचंड दाब देणारे यंत्र चालवतो. "काका, रस उकळला की मेला. दाबला की जंतू मरतेत, चव नाय मरत," असे सांगताना तो दोन्ही तळव्यांत हवा दाबतो.

अधूनमधून तो माझ्यापुढे दोन पेले ठेवतो; एक ताज्या मोसंबीच्या रसाचा, दुसरा बाटलीतला. मी ओळखण्यात चुकलो की सारी गल्ली ऐकेल इतका हसतो.

यंदा शहरात नळाला आठवड्याने पाणी येते. गावी, पिशोरला, त्याची मोसंबीची बाग वाळली, तोडावी लागली. परवा तो बर्फाच्या डब्यातून एकच बाटली घेऊन आला.

"आपल्या बागेची शेवटची हाय. दोन महिने झाले. गावी आईला न्यायचीय, पण ती म्हणती, बाटलीतलं शिळं. तुम्ही तोंडदेखलं बोलत नाय, म्हणून आधी तुम्हाला."

मी घोटभर घेतला. "आज काढलेला वाटतो."

तो हसला नाही. माझा पेला भरू लागला. मी पेल्यावर हात ठेवला.

"झाकण लाव. थंड आहे तोवर पिशोर गाठ."