सरपंचासाठी आमेन

कित्येक रविवार मी आमेन म्हटलं नाही, हे आधीच कबूल करते. सानगडीपासून थोडं आत आमचं गाव, त्यात ख्रिस्ती घरं अवघी सात. प्रार्थनेच्या शेवटी आमचे पाळक सत्तेवरच्या माणसांची नावं घ्यायचे. सगळी सत्ता देवाकडून येते आणि शेवटी त्यालाच जाब देते, अशी त्यांची शिकवण. त्या नावांत आमच्या सरपंचाचं नाव आलं की माझे ओठ घट्ट मिटायचे. जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, त्यानंतरची ही गोष्ट. सरपंचानं आमच्या दफनभूमीवर गोदाम बांधायचं काढलं होतं. कागदोपत्री ती जागा पडीत, आणि माझे मालक तिथंच मातीत. देवाची सत्ता असेल वर. गावात ज्याच्या हाती ससा तो पारधी, हेच मी जन्मभर पाहिलं होतं. मला तर पाळकांचाही संशय यायचा. सरपंचाचं नाव इतक्या प्रेमानं घेतात, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

एका रविवारी ते मलाच म्हणाले, "मावशी, या बारीले सरपंचासाठी तुमी प्रार्थना करा."

"मले नाही जमत. तो माणूस बराबर नाही."

"म्हणूनच तर करा ना."

सगळे वळून पाहू लागले, तशी मी उठले. "प्रभू, या माणसावर माझा काडीचा भरवसा नाही. तुझी सत्ता याच्यावर चालते का, तेवढं दाखव," असं म्हणून खाली बसले. ती प्रार्थना कमी आणि भांडण जास्त होतं.

त्याच आठवड्यात तालुक्याचे साहेब जागा पाहायला आले. आधी सरपंचाच्या घरी त्यांचा चहा झाला, तिथंच मी समजले की निकाल लागला. माझी नजर साहेबांच्या हातातल्या फाइलवरून हटेना. "कबरी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. काय दाखवणार? मातीचे उंचवटे पावसानं सपाट केलेले, लाकडी क्रूस वाळवीनं खाल्लेले. सरपंच हसून म्हणाला, "कायच्या कबरा साहेब, ढोरं चरून राहिली इथं."

एवढ्यात शेताकडून सरपंचाची म्हातारी आई आली, डोक्यावर गवताचा भारा. जागेच्या कडेला ती थांबली, पायातल्या चपला काढून तिथंच ठेवल्या आणि अनवाणी आत आली.

साहेबांचं लक्ष गेलं. "आजी, चपला का काढल्या?"

"माझं लेकरू हाये ना इथं," ती सहज म्हणाली आणि सरपंचाकडे मान वळवली. "याच्या आधीचं. पावसात बोडी फुटली, तळ्याचं सारं पाणी आमच्या पुरायच्या जागेवर आलं. तवा यायच्या मालकानं इथं खड्डा खणून देला." आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

मालकांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. सरपंचालाही ठाऊक नसावं. त्याचा चेहरा उतरला होता. मग खाली वाकून त्यानं चपला काढल्या. साहेबांनीही बूट काढले आणि फाइल उघडून ते लिहू लागले.

आमच्यात त्या जागेत अनवाणीच जायचं. मालक तर त्याबाबतीत फार कडक होते. मी माझ्या पायांकडे पाहिलं. साहेब, सरपंच, फाइल यांच्यावर पाळत ठेवण्याच्या नादात मी चपला घालून उभी होते, आणि अंदाजानं सांगते, मालकांच्या कबरीवरच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट्यानं चपला हातात घेतल्या.

पुढे जागेची नोंद दफनभूमी म्हणून झाली. तो कागद हातात येईपर्यंत मी संशय काही सोडला नाही, खोटं कशाला बोलू? पण देवाची सत्ता सरपंचावर चालते का, असं मी विचारलं होतं, आणि देवानं त्या दिवशी आधी एका म्हातारीच्या पायांनी सरपंचाला वाकवलं, मग मला. त्याचे किती उपकार मानू! पुढच्या रविवारी सरपंचाचं नाव आलं, तेव्हा सर्वांत मोठ्यानं आमेन म्हटलं ते मी.