सविताची सासू

"कुणी तरी लावा गं तेवढं."

सकाळी आमच्या भाकरी केंद्रात मावशीचं पहिलं वाक्य हेच ऐकू यायचं. सरपण तिनंच आणलेलं असायचं, चुलीत तुराट्या तिनंच रचलेल्या असायच्या, फुकणी हाताशी आणि काटवटीत पीठ चाळून तयार. फक्त काडी तेवढी ओढायची नाही. काडीपेटी समोरच्या कोनाड्यात असायची, तिकडे ती बघायचीसुद्धा नाही. कुणीतरी येऊन चूल पेटवली की मग पुढे सरकायची आणि दुपारपर्यंत जाळापुढून हलायची नाही. जाळाची भीती म्हणावी, तर निखारे बोटांनी मागंपुढं करणारी बाई. "मावशीला शेठाणीवानी पेटलेली चूल लागती," असं म्हणून बायका हसायच्या. तीही हसायची, तोंडावर पदर घेऊन.

पाटोद्याला बसस्टँडच्या मागं आमचं केंद्र आहे. पत्र्याचं शेड, चार चुली, सात-आठ बायका. बाजरी-ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ढाब्यांवर जातात, वसतिगृहात जातात, लग्नसराईत तर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

तिला आमच्याकडे पाठवलं बीडच्या एका वकीलबाईनं. कोर्टाची कामं सांभाळून ही बाई जेलमधून सुटलेल्या बायकांना काम, खोली, कागदपत्रं मिळवून देते. फोनवर म्हणाली, "ताई, साठीची बाई आहे. सुनेच्या केसमध्ये जन्मठेप झाली होती, आता सुटलीय. नेकनूरकडचं गाव आहे, पण गाव घेत नाही. भावानं दारातूनच परत पाठवलं. मुलगा त्याच केसमध्ये अजून आत आहे."

'सुनेची केस' म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही. अशा केसमध्ये घरातल्या सगळ्यांची नावं गोवतात, असं लोक बोलतात, तुम्हीही ऐकलं असेल. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला आणि म्हणाले, पाठवा.

पहिल्या दिवशी ती शेडच्या दाराबाहेर कापडी पिशवी छातीशी धरून उभी होती. दार सताड उघडं. तरी उभीच. "या की आत," म्हटलं तेव्हा आली. पुढं कितीतरी महिने हेच. दार उघडं असो, लोटलेलं असो, ती बाहेर थांबायची आणि विचारायची, "येऊ का?" रात्री राहायची आमच्याच मागच्या खोलीत, तिथून शेडमध्ये यायला चार पावलं. तरीही, "येऊ का?"

जेवायची इतकी भराभर, की आम्ही पहिला घास तोंडात घालेपर्यंत तिची ताटली धुऊन पालथी पडलेली असायची. फोन वाजला की, कुणाचाही असो, डोक्यावरचा पदर सारखा करून ताठ उभी राहायची. एकदा मी तिला व्हिडिओ कॉलवर वकीलबाई दाखवली, तर फोनला वाकून नमस्कार केला. आम्ही पोट धरून हसलो.

आधार कार्ड काढायला नेलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मशीनपुढच्या माणसानं विचारलं, "पत्ता?" तिनं क्षणभर विचार केला आणि जेलचा पत्ता सांगितला. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी पटकन केंद्राचा पत्ता दिला. मग बोटांचे ठसे उमटेनात. भाकरी भाजून भाजून बोटं गुळगुळीत झालेली. माणूस पुन्हा पुन्हा पुसायला सांगत होता. "मशीनला बी मी नगंच दिसते," ती हळूच म्हणाली.

तिच्या हातची भाकरी पुरीसारखी टम्म फुगायची. एक ढाबेवाला मुद्दाम आत येऊन म्हणाला, "मावशी, असली भाकर आमच्या आईनंतर खाल्ली न्हाई. लई चांगलं केलं तुमी आलात ते." तिनं मान वर केली नाही. "भाकरीला म्हणा," म्हणाली, "मला चांगलं म्हणू नका." हे ती नेहमीच म्हणायची. आम्हाला वाटायचं, विनय आहे.

गोष्ट बाहेर पडायची ती पडलीच. आमच्यातली सुनंदा नेकनूरच्या बाजारात गेली होती, तिथं तिला कुणीतरी सांगितलं. सुनंदा कामाला वाघीण, तोंडानं फटकळ. तिची मावसबहीण सासरी जळून गेलेली. दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी बसलीच नाही. "ताई, ही बाई असंल तर आमी येणार न्हाई. सुनेला जाळून आलीय ही. तुमी कावून ठेवली हिला?"

हातातलं काम टाकून सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा आवेशही चढला. एका गरीब बाईची बाजू घ्यायची वेळ आली, असं वाटलं. मी म्हणाले, "सुनंदा, ऐकीव गोष्टींवर बोलू नये. अशा केसमध्ये निर्दोष माणसंसुद्धा अडकतात. केलं असेल मुलानं, भोगलं आईनं. मावशीकडे बघून तुला वाटतं का—"

"ताई." मावशीनं मला मध्येच थांबवलं. काटवटीतून हात काढून पदराला पुसले. "खोटं नका बोलू माझ्यासाठी. म्या केलंय."



"पोरानं राकेल वतलं," ती म्हणाली. "मी दारात हुते. त्यो म्हणला, काडीपेटी दे. म्या दिली. कावून दिली म्हणून जजसायबानं बी इचारलं. मला सांगता आलं न्हाई. आज बी सांगता यायचं न्हाई. मागितली आन् दिली."

मग सुनंदाकडे वळून म्हणाली, "तुझं बरोबर हाय बाय. मी जाते."

ती मागच्या खोलीत गेली आणि तिची पिशवी भरू लागली. मी तिथंच उभी.  इतके महिने मी जिला मदत करत होते, ती बाई मीच तयार केलेली होती: बिचारी, नाहक अडकलेली. तशी असली तरच माझी मदत मला शोभत होती. या खऱ्या बाईचं काय करायचं, ते मला समजत नव्हतं. तिला थांब म्हणायला जीभ रेटेना, आणि जा म्हणायचीही लाज वाटत होती. शेवटी मी खोलीच्या दाराशी जाऊन एवढंच म्हणाले, "भाकरी अर्ध्या राहिल्यात."

ती बाहेर आली आणि पुन्हा चुलीपाशी बसली. सुनंदा निघून गेली.

पंधरवड्यानं सुनंदा परत आली. घर चालवायचं होतं. पण आली ती अट घालून. "मी तिच्याशी बोलणार न्हाई. मला समजवायला येऊ नका." मावशी लगेच उठली आणि स्वतःचं सामान कडेच्या चुलीशी घेऊन गेली. त्या दिवसापासून दोघी एकमेकींकडे पाठ करून भाकऱ्या थापायच्या. काडीपेटीबद्दल मात्र पुन्हा कुणी थट्टा केली नाही. जी आधी यायची ती मुकाट्यानं मावशीची चूल पेटवून द्यायची. सुनंदा सोडून.

दोनेक वर्षं अशीच गेली. मग एका रविवारी दुपारी एक मुलगी शेडच्या दारात आली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल, खांद्याला कॉलेजची बॅग. बीडला नर्सिंग शिकत होती. परळीकडे मामाच्या घरी वाढलेली. वकीलबाईकडून तिनं पत्ता मागितला होता, आणि मावशीनं वकीलबाईला निक्षून नाही म्हणून सांगितलं होतं: कोणतं तोंड दाखवू? तरी ती आली होती.

मावशीनं तिला बघितलं आणि पीठ लागलेल्या हातांनीच तोंड झाकलं. कुणी सांगायची गरज पडली नाही. सविताची, त्या जळालेल्या सुनेची, मुलगी. ते झालं तेव्हा ही दोन वर्षांचीही नव्हती.

मुलगी पाया पडली नाही. रडलीही नाही. आल्या आल्या म्हणाली, "मी काही माफ बिफ करायला आले नाही."

"बरं," मावशी म्हणाली.

"मामाच्या घरी आईचं नाव काढलं की सगळे रडतात. आजीपण आईची लग्नाआधीची एकच गोष्ट सांगते आणि रडते. मला आई मेलेलीच माहीत आहे. ती जिवंत असताना कशी होती? त्या घरात तिच्याजवळ तुम्हीच होता ना?"

मी मुलीला बसायला पाट दिला. मावशी जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिला गोल भाकर यायची न्हाई."

तिथून सुरू झालं. सविताला चिंच लागायची. मीठ लावून फडताळात लपवायची आणि सापडली की मांजरावर ढकलायची. शेळीला 'वहिनी' म्हणायची. पालीला भ्यायची, पण सापाला नाही. "आन् तुला सायेब म्हणायची. सायेब उठले का? सायबाला दूध पायजे. सायेब आज नाराज हायेत."

मुलगी हसली. हसता हसता तिनं बाजूच्या खांबाला हात टेकला. ते बघून मावशी उठली आणि शेडच्या मागं गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. म्हणाली, "हसताना ती बी असाच हात टेकायची. भिंतीला."

कडेला पाठ करून बसलेल्या सुनंदाचा थापण्याचा आवाज केव्हाच बंद पडला होता.

मुलगी पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही. समोर बसायची आणि म्हणायची, "हं, सांगा." तिला ना कधी 'आजी' म्हणाली, ना 'मावशी'. मावशी आठवडाभर आठवत असायची. चूल फुंकता फुंकता एकदम थांबायची. आम्ही ओळखायचो, काही तरी सापडलं. मी एकदा म्हटलं, "मावशी, त्या पोरीसाठी तुम्ही फार मोठं काम करताय." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले होते. "ताई," ती म्हणाली, "चोरलेलं परत देतेय. तेबी समदं न्हाई."

आणि एका रविवारी ती म्हणाली, "आता न्हाई आठवत. संपलं. खोटं रचून सांगायची न्हाई मी."

मुलीनं मान हलवली. थोडा वेळ बसली. आम्ही दिलेली भाकरी तिनं कधी खाल्ली नव्हती, त्या दिवशीही खाल्ली नाही. पुढे पुण्याला दवाखान्यात नोकरी लागल्याचं वकीलबाईकडून समजलं.

मागच्या थंडीत मावशीला छातीचं दुखणं झालं. बीडच्या दवाखान्यात ठेवलं. एका दुपारी मी उशाशी बसले होते. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "ताई, एक राहिलंय."

"काय?"

"त्या दिशी सकाळी माझं डोकं लई दुखत हुतं. म्या कुणाला काय म्हणले न्हाई. तीच तेल घेऊन आली. माझ्या मागं बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आन् चोळत बसली. लई येळ. म्हणली, आत्याबाई, आता झोपा, सैपाकाचं मी बघते." ती थांबली. श्वास लागला होता. "आन् सांजच्याला म्या... पोरीला समदं सांगितलं. एवढंच सांगायला लाज वाटली. तुमी सांगा. मी गेल्यावर सांगा."

चार दिवसांनी ती गेली. आम्ही पाच-सहा बायका आणि वकीलबाई, एवढीच माणसं. गावातून कुणी आलं नाही. सुनंदाही आली नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या वाट्याच्या भाकरी तिनं एकटीनं केल्या.

मग मी पुण्याला फोन लावला. मावशी गेल्याचं सांगितलं. पलीकडून फक्त "हं" आलं. मी म्हणाले, "तुझ्यासाठी एक गोष्ट ठेवून गेल्यात," आणि जसं ऐकलं होतं तसं सांगितलं. सकाळ, दुखणारं डोकं, मांडी, तेल. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. सांगताना माझाच आवाज खाली गेला, जणू काडीपेटी देणाऱ्या त्या हातात माझाही हात होता.

 तिच्या मागं कुठंतरी दवाखान्यातली गाडी ढकलल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, फोन ठेवील.

"कसलं तेल होतं?" तिनं विचारलं.

मला ते माहीत नव्हतं. आणि विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.