हिराजीबुवांच्या कानातला सूर

हिराजीबुवा भजनाला बसले की डावा पंजा माझ्या पेटीवर ठेवत. नव्या माणसाला वाटे, आशीर्वाद देताहेत. खरं तर ते सूर चाचपत असत. रोह्याच्या एका कंपनीत कंप्रेसरशेजारी त्यांनी आयुष्यभर शिफ्ट केल्या आणि दोन्ही कान तिथेच ठेवून आले. निडीजवळच्या आमच्या गावात ते भजनाचे बुवा आणि मी पेटीवाला. गळा अजून शाबूत होता, पण पेटी एका पट्टीत आणि बुवा भलत्याच. मंडळी खाली माना घालून टाळ वाजवत. बुवांची जीभ तिखट, त्यामुळे बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्यांना मात्र सगळं कळत होतं. एकदा मला म्हणाले, "मास्तर, तुमी माज्या मागं मागं पेटी फिरवता, मना समजत नाय काय? सूर नाय तर बुवा कसला? आसाच चालला तर मी बुवापन सोडनार." ते सोडणार म्हणजे सोडणारच. भजन सोडून त्यांना दुसरं काही नव्हतंही.

पेणच्या कान तपासणाऱ्या मॅडमनी त्यांना यंत्र दिलं. ते घालून देवळात बसले तर टाळ, पंखे, बायकांच्या गप्पा, सगळंच एकदम अंगावर आलं. बुवांनी मॅडमना सुनावलं, "मना आवाज मोटा नको गो बाय, जवल पायजे."

मॅडम हसल्या आणि तारेचं वेटोळं घेऊन आल्या. सभामंडपाच्या चारी भिंतींच्या कडेने ती तार फिरवायची. पेटीपुढच्या माइकचा आवाज तारेतून वीज होऊन फिरतो, मंडपात चुंबकाचं क्षेत्र उभं राहतं आणि यंत्रातली बारीकशी गुंडाळी तो आवाज थेट पकडते. यंत्राचं बटण तेवढं 'टी'वर करायचं, की मधला गोंगाट बाद.

मी षड्ज धरला. बुवा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या पेटीचा भाता गलतोय." खरोखरच गळत होता! मला इतका आनंद झाला की पुढचा सूर चुकला, आणि बुवांनी ती चूकही पकडली. त्या पावसाळ्यात ते असे गायले की शेजारच्या गावचे लोक ऐकायला येऊ लागले.

उत्सवाआधी देवस्थान कमिटीने मंडपात नवी फरशी बसवली. भिंतीकडेची तार वायरमनला गबाळी वाटली. त्याने जाणारी आणि येणारी तार एकाच पायपात घालून फरशीखाली नेली. दिव्यांची तार तो जन्मभर तशीच टाकत आला होता. उत्सवाला बाहेरगावचं मंडळ आलेलं, मंडप गच्च भरलेला. बुवांनी बटण 'टी'वर केलं आणि अभंग उचलला. पेटीचा सूर त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. माझ्याकडे वळून वळून बघत त्यांनी अख्खा अभंग बेसूर म्हटला. पाहुण्या मंडळातलं कुणीतरी हसलं. बुवांनी चिपळ्या देवापुढे ठेवल्या, नमस्कार केला आणि ते घरी गेले. दुसरा अभंग दुसऱ्याने घेतला. मला पेटी फेकून द्यावीशी वाटली.

"दोन तारा चिकटून उलटसुलट गेल्या की एकमेकींना पुसून टाकतात," मॅडमनी येऊन सांगितलं. पण नवी फरशी कोण उखडणार? वरून तार टाकायलाही कमिटी राजी होईना, म्हणे शोभा जाते. बघू, करू करता करता वर्ष गेलं. परवानगी मिळाली, मॅडमनी तार टाकली, मी षड्ज धरला. पण तोवर बुवांचा उरलासुरला कानही गेला होता. ते नुसते माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, र्‍हाऊ द्या."

त्यानंतर ते देवळात आले नाहीत. गेल्या शिमग्याच्या आधी गेले.

मी बुवांच्या बायकोला, काकींना, भेटायला गेलो. म्हटलं, "बुवा घरात तरी गायचे का हो?"

"गायचे की. दार लावून. मना इचारायचे, सुरात हाय ना गो?"

"मग?"

"मी व्हय म्हनून मान हलवायची. सूर कवाच गेलेला, मास्तर. यक दिस त्यांनी माज्या तोंडाकडं नीट बगितलं. मंग इचारायचं सोडलं, न् गायाचं पन."