खडीला पाजणारा मौलाली

मुरगूड भागात रस्त्याच्या कामावर मौलाली झारीवाल्याला सगळे ओळखायचे. खडी अंथरून रोलर फिरला, की उकळतं डांबर झारीनं फटीफटींत ओतायचं, हे त्याचं काम. साहेब या ओतण्याला ग्राउट म्हणत. मौलाली म्हणे, "खडीला पाजायचं." ओतताना त्याचे डोळे अर्धे मिटत. डांबर खाली झिरपतंय, दगड दगडाला धरतोय, हे त्याला आतून दिसायचं.

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात बिद्रीच्या वाटेवरचा ओढ्याजवळचा तुकडा तिसऱ्यांदा उखडला. उन्हानं डांबर मऊ व्हायचं आणि उसाच्या गाड्यांच्या लोखंडी धावा त्यात रुतायच्या.

"हितं डांबर टिकायचं न्हाय," मौलाली मुकादम पिराजीला म्हणाला. "सिमेंट पाजू की."

पिराजीनं साहेबांकडून होकार आणला. या खेपेला ना जाळ, ना धूर. सिमेंट, वाळू आणि पाणी ताकासारखं पातळ कालवून मौलालीनं ओतलं. खडी गटागटा प्याली. तो आडवा होऊन रस्त्याला कान लावून राहिला. बुडबुडे थांबले तेव्हा हळूच म्हणाला, "भरलं पोट."

आता दहा दिवस चाक फिरवायचं नव्हतं. ओली पोती पसरून मौलाली राखणीला बसला. ऊस सळसळायचा, ओढ्यावरनं गार झुळूक यायची, आणि समोरचा रस्ता निजलेल्या लेकरासारखा वाटायचा.

चौथ्या दिवशी मुरगूडला निघालेलं वऱ्हाड बैलगाड्यांतून आलं. नवरीचा बाप केरबा पुढच्या गाडीतून ओरडला, "पावणं, बाजूला व्हा! मुहूर्त हाय."

"रस्ता निजलाय, मालक. आत्ता चाक चढलं तर आतनं तडकंल. मग कधीच सांधायचा न्हाय."

"माझ्या पोरीचं लगीन थांबवतोस व्हय?"

तेवढ्यात नवरीच खाली उतरली. "मी चालत जाते, आबा." चपला हातात घेऊन तिनं ओल्या पोत्यावर पाऊल ठेवलं आणि हसली. "गार लागतंय."

मग बायका उतरल्या, म्हातारे उतरले, वाजंत्रीवाल्यांनी वाद्यं काखेत मारली. सगळं वऱ्हाड अनवाणी, पाय न वाजवता पलीकडं गेलं. रिकाम्या गाड्या गड्यांनी ओढ्यातून काढल्या. केरबानं जाताना मौलालीच्या हातावर लाडू ठेवला.

तो तुकडा पुढं बारा पावसाळे हलला नाही. झारीचं काम सुटल्यावरही मौलाली बायको मेहमुदाला तिथं घेऊन जाई.

"काय हाय हितं बघाय?" ती विचारी.

"जरा उभी ऱ्हा. पायाखाली किती घट्ट वाटतंय बघ."

ती उभी राही. उसावरनं वारा येई, आणि दोघंही बराच वेळ तिथनं हलत नसत.